मिल्का वाकरुळकरचा एक हरलेला वाद

मिल्का वाकरुळकरशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून या, असं दुबईत अल बर्शातल्या तिच्या बिल्डिंगचा वॉचमन अबरार नव्या भाडेकरूंना हिंदीत बजावायचा. खोटं नव्हतं ते. बंद पडलेल्या लिफ्टवरून तिनं मेंटेनन्सच्या माणसाला एकदा लॉबीत असा काही धरला होता, की 'इन्शाल्ला मॅडम, इन्शाल्ला' करत मागे सरकता सरकता तो कुंडीतच बसला. "इन्शाल्ला राहू दे, वार सांग," ही म्हणाली. संध्याकाळच्या आत लिफ्ट चालू.

बाई बावन्न वर्षांची, एकटी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. वाकरुळ हे पेणकडचं गाव, बाप एसटीत कंडक्टर, आणि घराणं बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. घरात बोलायचं मराठी, भाकरी खायची तांदळाची, शनिवारी चूल आणि काम बंद, आणि देवाशी बोलायचं ते हिब्रूत. मिल्का लहान असताना बापाला विचारायची, "बाबा, आपण हे जे म्हणतो त्याचा अर्थ काय?" बाप म्हणायचा, "अर्थ पोरांनी विचारायचा. तू जाऊन पाणी भर." पाणी भरता भरता जो राग डोक्यात शिरला तो पुढे तीस-पस्तीस वर्षं उतरला नाही.

दुबईत आल्यावर एकट्या बाईची संध्याकाळ फार लांबते. कुणी मॉलमध्ये फिरतं, कुणी सीरियल बघतं. मिल्का फोनवरून हिब्रूची अक्षरं शिकली. मग तिची बहीण आरामी भाषा. मग थेट तल्मूदला, ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथाला, हात घातला. तल्मूदला कायद्याचं पुस्तक म्हणावं तर त्यात कायदा कमी आणि भांडणं जास्त. दोन-दोनशे वर्षांच्या अंतरानं जन्मलेले पंडित एकाच पानावर बसून एकमेकांचे मुद्दे खोडतायत. आणि गंमत अशी, की हरलेल्याचं मत पुसत नाहीत. तेही मानानं तिथंच ठेवतात. मिल्काला वाटलं, हे माझं घर आहे, फक्त पत्ता उशिरा मिळाला.

दुबईत त्या काळात ज्यू हा शब्द उघड बोलायला नुकती सुरुवात झाली होती. बाहेरून आलेला एक तरुण रब्बी, ज्यूंचा धर्मगुरू, आठवड्यातून एकदा ऑनलाइन वर्ग घ्यायचा. पहिले काही आठवडे तो मिल्काच्या प्रश्नांना हौसेनं उत्तरं द्यायचा. पुढे पुढे ती बोलायला लागली की तिचा माइक बंद करायचा. "तुम्हाला वर्ग नको," तो शेवटी म्हणाला, "तुम्हाला जोडीदार हवा. हे दोघांनी मिळून, मोठ्यानं, भांडत शिकायचं असतं."

जोडीदार आणायचा कुठून? तो मिळाला संक्रांतीच्या हळदीकुंकवात.

मराठी मंडळाच्या सुचित्रावहिनींनी मिल्काला आग्रहानं बोलावलं होतं. त्यांच्या लेखी मिल्का म्हणजे रायगडकडची कुणी वाकरुळकर, झालं. हॉलमध्ये पन्नास बायका, पैठण्यांची सळसळ. वहिनी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या. मिल्काच्या शेजारच्या बाईनं लाडू तोंडात टाकण्याआधी क्षणभर हात थांबवला आणि तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, आणि ओठांवर खाण्याआधीचा हिब्रू आशीर्वाद. मिल्का वळली.

"कुठल्या तुम्ही?"

"ठाण्याच्या. मनोरमा दळवी."

"दळवी सासरचं. माहेरचं विचारतेय."

बाईनं इकडं तिकडं पाहिलं. "झिराडकर." आडनाव बेने इस्राएलांचंच.

"वाकरुळकर," मिल्का म्हणाली, आणि दोघी पन्नास बायकांच्या मध्ये अशा हसल्या, की वहिनींना वाटलं लाडवात काही पडलं.

मनोरमाची गोष्ट साधी होती. ठाण्याच्या बँकेत नोकरी, तिथंच प्रकाश दळवी. हिंदू मुलगा. लग्न केलं तेव्हा बापानं दार लावून घेतलं, ते त्याच्या मरणापर्यंत उघडलं नाही. आई चोरून यायची. नवऱ्याबरोबर ती दुबईला आली, मुलगी झाली, ईशानी. घरी गणपती बसायचा, मनोरमा मोदक करायची, आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ज्यू रीतीनं दोन दिवे लावायची. प्रकाशनं कधी अडवलं नाही, कधी विचारलंही नाही. "तिची श्रद्धा आहे बुवा," एवढंच तो म्हणायचा. माणूस भला होता. भल्या माणसांना पुष्कळ गोष्टी न विचारण्याची सवय असते.

मग दर गुरुवारी संध्याकाळी मनोरमाच्या स्वयंपाकघरात अभ्यास सुरू झाला. एक पान, दोन बायका, मध्ये निवडायची भाजी. मिल्का हिब्रू वाचायची, मनोरमा इंग्रजी भाषांतर बघायची, आणि दुसऱ्या ओळीपासून आवाज चढायचे.

"अगं, पण तो असं म्हणतच नाहीये!"

"मग काय म्हणतोय? तू लिहिलंयस का ते?"

समोरच्या फ्लॅटमधली हैदराबादची मैमुनाबी पहिल्यांदा घाबरून धावत आली होती. "क्या हुआ बाजी? झगडा काहे का? जायदाद का?"

"बैल का," मनोरमा डोळे पुसत हसत म्हणाली. "दो हजार साल पहले एक का बैल दूसरे के खड्डे में गिर गया."

"या अल्ला! तो बैल तो कब का मर गया होगा!"

"तोच तर प्रश्न आहे," मिल्का गंभीरपणे म्हणाली. "मेला तर भरपाई कुणी द्यायची?"

प्रकाश ऑफिसातून आला की दारातूनच ओरडायचा, "भजनी मंडळ उरकलं का? खलास? चहा मिळेल का गरिबाला?" मिल्का पाच-सहा वर्षं त्या घरात गुरुवारी जेवली.

पुढे गाझाचं युद्ध पेटलं आणि दुबईतली ज्यू मंडळी पुन्हा आवाज खाली करून बोलू लागली. वर्ग बंद झाले. रब्बीनं टोपीवर टोपी घालायला सुरुवात केली, खालची धर्माची, वरची क्रिकेटची. गुरुवार मात्र बंद पडला नाही. उलट त्या दिवसांत दोघींनी मुद्दाम अवघड पानं काढली.

त्यातलंच एक पान दफनाचं होतं. पंडितांचा प्रश्न असा, की मेलेल्याला मातीत ठेवायचं ते कशासाठी? उघड्यावर पडलेलं प्रेत ही घरच्यांची लाज, म्हणून? की माती अंगावर घेऊन माणसाच्या पापांची फेड होते, म्हणून? फरक कुठं पडतो, तर समजा माणूस मरताना म्हणाला, मला पुरू नका. मग त्याचं ऐकायचं का? फेड त्याची असेल तर तो ती नाकारू शकतो. लाज घरच्यांची असेल तर त्याला विचारतोय कोण?

मिल्का रंगात आली होती. मनोरमा गवार मोडत होती. ती मध्येच म्हणाली, "मिल्के, ते पंडित राहू देत. मला जाळू देऊ नकोस हं."

"काय?"

"लहानपणी माझ्या मावशीला स्टोव्ह भडकून भाजलेलं पाहिलंय मी. वास अजून नाकात आहे. इथं कुणी गेलं की मंडळाचे लोक घेऊन जातात, बटण दाबतात. मला ते नको. कुठंही ठेवा, कुणाशेजारीही ठेवा. माती द्या."

"प्रकाशरावांना सांगितलंस?"

"चांगल्या चाललेल्या घरात असला विषय कोण काढतं? सांगीन कधीतरी."

आणि मिल्का काय म्हणाली? तिनं मैत्रिणीच्या हातावर हात ठेवला नाही. ती म्हणाली, "पण तुझ्या इच्छेचा प्रश्नच नाही इथे! पुढच्या पंडितांनी निकाल दिलाय. कुणी नको म्हटलं तरी माती द्यायचीच. ते ऋण आहे, आवडनिवड नाही. इच्छा हा मुद्दा इथे सगळ्यात कच्चा." मनोरमानं गवारीची शेंग तिच्या अंगावर फेकली. दोघी हसल्या. पान उलटलं.

एका सोमवारी सकाळी मनोरमा भाजी आणायला खाली निघाली आणि लिफ्टच्या दारात कोसळली. मैमुनाबीनं अॅम्ब्युलन्स बोलावली. मेंदूत रक्तस्राव. प्रकाश हॉस्पिटलात पोहोचला तेव्हा ती श्वास घेत होती, ईशानी पोहोचली तेव्हा नव्हती.

मिल्काला लॅबमध्ये फोन आला दुपारी. ती दळव्यांच्या घरी गेली तेव्हा हॉल भरलेला. मराठी मंडळ असल्या वेळी काय काम करतं ते बघावं! एकजण कागदपत्रांमागे, एकजण कॉन्सुलेटच्या फोनवर, कुणी चहा, कुणी पोहे. उद्या सकाळची दहनाची वेळसुद्धा ठरत आली होती. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. कपाळावर कुंकू लावणारी, गणपतीला मोदक करणारी दळवीवहिनी गेली, तिला आणखी काय करायचं असतं?

मिल्का सरळ प्रकाशसमोर उभी राहिली. "प्रकाशराव, दहन करू नका. आमच्यात जाळत नाहीत."

माणूस सोफ्यावर मोडून पडल्यासारखा बसला होता. त्यानं मान वर केली. "आमच्यात म्हणजे?"

"आमच्यात म्हणजे आमच्यात. मनोरमा ज्यू होती. जन्मानं ज्यू तो मरेपर्यंत ज्यू. लग्नानं फरक पडत नाही. कायद्यात ..."

'ज्यू' हा शब्द त्या दिवसांत त्या शहरात भरल्या हॉलमध्ये पडणं म्हणजे काय, हे मिल्काला कळत होतं. तरी ती बोलली.

"मिल्काताई," प्रकाश हळू म्हणाला, "तीस वर्षं ती माझी बायको होती. तुमच्यात नव्हती, माझ्या घरात होती. तुमच्यातल्यांनी तिला दार लावलं होतं. विसरलात?"

"दार बापानं लावलं. धर्मानं नाही."

"आज मला धर्म शिकवताय? आज?"

"मग कधी शिकवू? उद्या राख झाल्यावर?"

हे बोलणं बरोबर नव्हतं. तिलाही ते तोंडातून सुटल्याबरोबर कळलं, पण सुटलेलं परत घेण्याची तिला सवय नव्हती. सुचित्रावहिनींनी तिचा दंड धरून तिला गॅलरीत नेलं.

"अहो ताई, काय हे! बघताय ना त्यांची अवस्था?"

"वहिनी, तुम्हाला माहीत नाही."

"नाही माहीत. पण ओरडून कळणार आहे का मला?"

गॅलरीत उभं राहून मिल्कानं रब्बीला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, दफनाची सोय बघता येईल, इथे नाही तर अलिबागकडे नेता येईल, मी आत्ता माणसं हलवतो. पण मागणी घरच्यांची हवी. नवरा किंवा मुलगी. मी मध्ये पडलो तर शहरभर बोंबाबोंब होईल, आणि सध्या ती कुणालाच परवडणारी नाही. मग त्यानं विचारलं, "ती स्वतः कधी काही म्हणाली होती का?"

"म्हणाली होती. स्पष्ट म्हणाली होती."

"मग तेवढंच सांगा त्यांना. बाकी काही बोलू नका."

"तेवढंच कसं? इच्छा हा काय आधार झाला? आपण ते पान केलंय, रब्बी. नवरा म्हणेल, माझीही इच्छा आहे. मग? इच्छेसमोर इच्छा. ऋणासमोर कुणाला बोलता येत नाही."

मग तो म्हणाला, "मिल्का, घरात मयत आहे. तिथे तुम्हाला वाद जिंकायचा नाहीये."

ती म्हणाली, "बघते."

आत प्रकाशनं हात वर केले होते. "मला काही सुचत नाही. ईशानी सांगेल तसं करू. ईशानीची आई आहे ती." आणि तो आतल्या खोलीकडे बोट दाखवून पुन्हा खाली बघत बसला. म्हणजे दार अजून उघडं होतं. एकच माणूस राहिला होता, चोवीस वर्षांची पोर. तीही मिल्काच्या मांडीवर बसून आलेफ, बेथ ही हिब्रू अक्षरं गिरवलेली नसली, तरी तिच्या हातची पुरणपोळी खाल्लेली.

ईशानी पलंगाच्या कडेवर बसली होती, आईची ओढणी हातात गुंडाळून. मिल्का समोर खुर्चीवर बसली.

"ईशू, पप्पांनी तुझ्यावर सोडलंय."

"आय नो."

"तर नीट ऐक. तुझी आई ज्यू. कायद्यानं मूल आईचं असतं. म्हणजे तूही ज्यू आहेस. कुंकू लावलंस, आरती केलीस, तरी. आणि आईला माती देणं हे तुझ्यावर बंधन आहे. यात आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही."

ईशानीनं मान वर केली. रडून रडून डोळे सुजलेले, पण आता त्यात वेगळंच काही आलं.

"डोन्ट टेल मी व्हॉट आय अॅम, आंटी."

"मी नाही सांगत. कायदा सांगतो."

"कुणाचा कायदा? मी जन्मले इथे, वाढले इथे. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो, त्याचे निम्मे लोक गाझात मारले गेलेत. रोज सकाळी तो मला कॉफी आणून देतो. अँड टुडे, ऑफ ऑल डेज, यू वॉन्ट मी टु बी धिस?"

"त्याचा आईशी काय संबंध?"

"एक्झॅक्टली! काय संबंध? माझी आई गेलीय. माय मदर. आणि तुम्ही मला चॅप्टर वाचून दाखवताय!"

इथं, अगदी इथं, मिल्कानं फक्त एवढं म्हणायला हवं होतं, की ईशू, आई गवार मोडताना मला म्हणाली होती, मला जाळू देऊ नकोस, मला आगीची भीती वाटते. बास. एवढं एक वाक्य. ते तिच्याजवळ होतं. पण ज्या बाईनं अर्धं आयुष्य अर्थ विचारल्याबद्दल बोलणी खाल्ली, तिला शेवटी हाती लागलेला अर्थ सोडवेना. तिच्या डोक्यात पक्का मुद्दा आणि कच्चा मुद्दा अशी मांडणी झालेली होती, आणि पोरगी अंगावर आल्याबरोबर तिनं पक्का मुद्दा आणखी घट्ट धरला.

"तू मान किंवा मानू नकोस. जाळलंस तर ते तुझ्या माथी राहील."

ईशानी उठली. दार उघडून बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, उद्या सकाळी. लाइक एव्हरीवन एल्स. आणि प्लीज, आंटींना घरी जायला सांगा."

मिल्का घरी गेली नाही. खाली लॉबीच्या बाहेर, उन्हात तापलेल्या कठड्यावर बसून राहिली. तिथं सुचित्रावहिनी तिच्याकडे आल्या.

"ताई, जेवलात?"

"वहिनी, माझं एक काम करा. उद्या तिला आंघोळ घालायला मला येऊ द्या. तुमच्याकडेही घालतात ना? मी काही बोलणार नाही. एक शब्द नाही."

मिल्का वाकरुळकर मागतेय, हेच वहिनींना नवीन होतं. त्या वर गेल्या. ईशानी म्हणाली, "व्हॉटेव्हर. आंघोळच ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी शवागाराच्या मागच्या खोलीत मिल्का, वहिनी आणि मंडळाची आणखी एक बाई, एवढ्याच होत्या. स्टीलचं टेबल, रबराची नळी, दोन बादल्या. मिल्कानं टेबलाशी जाऊन वाकून मनोरमाच्या कानाशी तिचं आणि तिच्या बापाचं नाव घेतलं. आम्ही जे करू त्यात चुकलं तर माफ कर, असं म्हणायची रीत आहे. तिनं ते हिब्रूत म्हटलं. मग मराठीत पुन्हा म्हटलं, तिच्या एकटीलाच ऐकू जाईल असं.

"काय म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"माफी मागितली."

"बरं केलंत. मीही मागते." आणि वहिनींनी हात जोडले.

चादर अंगावर तशीच ठेवून, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करत मिल्का काम करू लागली. आधी डोकं. मग उजवी बाजू, मग डावी. नखं काडीनं साफ केली, त्यात कालच्या कोथिंबिरीचा हिरवा कण निघाला. तो तिनं कापसात गुंडाळून बाजूला ठेवला. वहिनींनी पलीकडून टॉवेल पुढे केला, मनोरमाच्या अंगावरून.

"वरून नका देऊ वहिनी. फिरून या."

"का हो?"

"ती झोपलेली असती तर दिला असता का तिच्या तोंडावरून? तसंच."

वहिनी टेबलाला वळसा घालून आल्या. त्यानंतर त्यांनी एकही वस्तू वरून दिली नाही. शेवटी पाण्याची धार, अखंड. एक बादली संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी. वहिनी उंच हात करून ओतत होत्या, मिल्का त्यांची धार तुटायच्या आत आपली बादली ओतायला लागत होती, आणि तिसरी बाई कोपऱ्यात उभी राहून पदरात रडत होती.

मिल्कानं पिशवीतून पांढऱ्या सुती कापडाचा साधा झगा काढला. रात्री हातानं शिवला होता. खिसा नाही, गाठ नाही. "हा आतून घालू द्या," ती म्हणाली. "वरून तुमचं काय ते करा."

वहिनींनी होकार दिला. मग त्यांनी त्यांच्या पिशवीतून हिरवी साडी काढली, हिरवा चुडा, हळदीकुंकवाच्या डब्या, ओटीचा नारळ. मिल्काच्या रीतीत मेलेल्याच्या अंगावर काहीही ठेवत नाहीत. राजा असो की हमाल, सगळे त्याच साध्या कापडात. ती भिंतीला टेकून बघत राहिली. वहिनी बांगड्या चढवत होत्या, हात ताठ झालेला, बांगडी जाईना.

"भाग्याची हो," वहिनी पुटपुटल्या. "नवऱ्याआधी गेली. सवाष्ण. हा मान मिळायला नशीब लागतं." मग थांबून म्हणाल्या, "तुम्हाला नाही ना आवडत हे?"

मिल्का म्हणाली, "मनगट थोडं वळवा. आतल्या बाजूनं जाईल."

बांगडी गेली.

स्मशानात मिल्का दूर, गाड्यांच्या रांगेपाशी उभी होती. ईशानीनंच बटण दाबलं असं नंतर कळलं. प्रकाशला ते जमेना म्हणून.

बरेच आठवडे गेले. प्रकाश अस्थी घेऊन नाशिकला जाऊन आला. मिल्कानं फोन केला नाही, तिलाही कुणी केला नाही. मग एका संध्याकाळी दारावर ईशानी. बारीक झालेली. ऑफिसचं कार्ड अजून गळ्यात.

"आत ये."

"नाही, इथेच." ती दारात उभी राहिली. मग म्हणाली, "आंटी, एकच विचारायचंय. सुचित्राकाकू म्हणाल्या, तुम्ही मम्मीला आतून पांढरं घातलंत. शिवून आणलेलं. मला झोप येत नाहीये. डिड शी एव्हर से इट? मम्मी? स्वतःच्या तोंडानं? की तिला जाळू नका म्हणून?"

मिल्कानं तिच्याकडे पाहिलं. पोरीचे दोन्ही हात दाराच्या चौकटीला घट्ट धरलेले. ओढणी तीच, आईची.

घरात शांतता राहावी म्हणून खरं वळवलं तरी चालेल, असं पंडितांनी एका ठिकाणी मान्य केलंय. मिल्काला ते पान कधी पटलं नव्हतं. ती म्हणायची, ही पळवाट आहे, शहाण्यांनी भित्र्यांसाठी ठेवलेली. खरं ते खरं. मेलेल्याची साक्ष विकायची नाही.

"नाही," मिल्का म्हणाली.

"नेव्हर?"

"कधीच नाही. हा विषयच आमच्यात निघाला नाही. ते सगळं माझंच होतं. माझ्या पुस्तकातलं."

ईशानीच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं. ती चौकटीला टेकली, डोळे मिटून. मोठा श्वास घेतला. आणि मग, डोळे उघडले तेव्हा, त्यात परत तो दिवस आला.

"मग का केलंत ते? हं? पप्पांच्या तोंडावर, सगळ्यांसमोर? ते चार दिवस जेवले नाहीत, माहितेय? अजून मध्येच विचारतात, मी चुकलो का गं. तुमच्या एका पुस्तकासाठी?"

"चुकलं माझं."

"दॅट्स इट? चुकलं?"

मिल्काकडे याच्यावर उत्तर होतं. एका वाक्याचं होतं. ती काही बोलली नाही.

"पुन्हा आमच्याकडे येऊ नका, प्लीज. पप्पांना फोनसुद्धा नका करू." ईशानी वळली, दोन पावलं गेली, थांबली. मिल्काला वाटलं ती मागे बघेल. तिनं डोळे पुसले, लिफ्टचं बटण दाबलं आणि गेली. पाऊल मात्र आली होती त्याहून हलकं पडत होतं. ते मिल्कानं पाहिलं.

दार लावून ती आत आली. आई गेली, बाप गेला, नवरा, भाऊ, मूल गेलं तर माणसानं जमिनीवर बसून शोक करावा, अशी रीत आहे. कुणाकुणासाठी बसायचं ते ठरलेलं आहे. त्यात मैत्रिणीचं नाव कुठल्याही पंडितानं घातलेलं नाही, आणि दिवसही कधीच उलटून गेले होते. खुर्ची बाजूला सारून मिल्का फरशीवर बसली.